एकविसावी तार

रात्रीचे पावणेदोन. टेबलावर उघडाच ठेवलेला ४८६चा मदरबोर्ड, त्याला लोंबणारी फ्लॉपी ड्राइव्ह आणि एक जडशीळ काचेचा मॉनिटर. मॉनिटरच्या डाव्या कोपऱ्यात इंग्रजी 'ए' उमटतो, त्याच्या शेजारी 'बी' उमटतो, फ्लॉपीचा दिवा लागतो, आणि 'सी' काही येत नाही. मशीन चुकीचा संदेश देत नाही, कुरकुरत नाही. नुसतं थांबतं. कधीकधी स्वतःहून रीसेट होतं आणि पुन्हा पहिल्यापासून मेमरी मोजायला लागतं. असं सलग नऊ रात्री चाललं होतं.

हा उद्योग कशासाठी, हे आधी सांगायला हवं. दिवसा मी इतर अनेकांसारखाच पगारी प्रोग्रॅमर आहे. तिथे माझ्या आणि लोखंडाच्या मध्ये पंधरावीस थर असतात आणि त्यातले बहुतेक कुणी लिहिले हे मला ठाऊक नाही. रात्री मी एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितो. ती कुणी वापरणार नाही. तिला नाव नाही. तिला सध्या तीन गोष्टी येतात : सुरू होणं, कीबोर्डवर दाबलेलं अक्षर दाखवणं आणि कोसळणं. काही लोक बोन्साय करतात, काही जण रविवारी सिंहगड चढतात, त्याच जातीचं हे व्यसन आहे. लिनस टोरवाल्ड्सनं ऑगस्ट १९९१मध्ये आपल्या नव्या सिस्टिमची घोषणा केली, तेव्हा त्यानंही तिला फक्त छंदच म्हटलं होतं. आमच्यातल्या प्रत्येकाला ते वाक्य पाठ असतं. आपला छंद छंदच राहणार आहे हेही माहीत असतं.

या छंदातला रोजचा त्रास बाहेरच्या माणसाला समजावणं कठीण आहे. साध्या प्रोग्रॅममध्ये चूक झाली तर काहीतरी संदेश मिळतो. इथे संदेश दाखवणारं कुणी नाही, कारण ते काम करणारा प्रोग्रॅमच तुम्ही लिहिताय. त्यामुळे तपास कसा करायचा, तर पडद्याच्या मेमरीत थेट एक अक्षर टाकायचं. 'ए' दिसलं म्हणजे इथवर आलो. 'बी' दिसलं म्हणजे त्याच्या पुढे. ज्याच्या अलीकडचं अक्षर दिसतं आणि पलीकडचं दिसत नाही, त्या दोहोंच्या मध्ये कुठेतरी चूक. अंधाऱ्या जिन्यात पायानं पायरी चाचपत उतरावं तसं हे आहे. आणि हे सगळं एम्युलेटरमध्ये, म्हणजे लॅपटॉपवरच्या नकली संगणकात, अगदी सुरळीत चालत होतं. तिथे 'ए'पासून 'झेड'पर्यंत सगळी अक्षरं ओळीनं येत. जुन्या बाजारातून आणलेल्या खऱ्या बोर्डावर मात्र 'बी'नंतर सामसूम.

दहाव्या रात्री मी कंटाळून एक वेडा प्रयोग केला. माझा लोडर फ्लॉपीवरून कर्नलचा तुकडा उचलायचा आणि मेमरीत एक मेगाबाइटच्या वर नेऊन ठेवायचा. पहिला तुकडा ठेवून झाल्यावर मेमरीच्या अगदी सुरुवातीला, म्हणजे शून्य क्रमांकाच्या घरात काय आहे, ते मी पडद्यावर छापलं. तिथे बायॉसचा तक्ता असायला हवा होता : कुठल्या कामासाठी कुठे जायचं याच्या पत्त्यांची यादी. तिथे माझ्याच कर्नलचे पहिले चार बाइट होते.

मी एक मेगाबाइटवर लिहीत होतो आणि ते शून्यावर उमटत होतं. पहिला तुकडा त्या तक्त्यावरच जाऊन बसला होता. दुसरा तुकडा वाचण्यासाठी बायॉसला हाक मारली, की प्रोसेसर तक्त्यात बघायचा, तिथे पत्त्याऐवजी माझा कोड असायचा, आणि तो मेमरीत कुठल्यातरी रानात उडी मारायचा.

याला ए-२० म्हणतात. संगणकाच्या पत्त्याच्या तारा शून्यापासून मोजतात, म्हणून ए-२० ही एकविसावी तार. ती बंद होती.

ते नाव बघून मला एकदम कॉलेजची लॅब आठवली. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात आमच्या लॅबमधली मशीनं सुरू होताना काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी झरझर वर जायच्या. त्यातल्या एका ओळीत अमुक क्रमांकाचा ए-२० हँडलर बसवला आहे, असं काहीसं असायचं. रोज दिसणारी ओळ. आम्ही चपला बाहेर काढून, एसीत कुडकुडत, 'लेट अस सी'मधले प्रोग्रॅम टर्बो सीमध्ये उतरवून घ्यायचो, आणि हा ए-२० काय प्रकार आहे हे ना कुणी विचारलं, ना कुणी सांगितलं. मला तो बसचा नंबर वाटायचा.

आता गोष्ट नीट सांगायची तर १९७६पर्यंत मागं जावं लागतं. इंटेलचा एक भव्य प्रकल्प चालू होता. तो पुढे आयएपीएक्स ४३२ या नावानं बाजारात आला आणि आपटला. तो लांबत चालला होता, बाजारात झायलॉगचा झेड-८० आला होता, म्हणून वेळ निभावून नेण्यासाठी इंटेलनं एक मधला प्रोसेसर करायला घेतला. त्याच्या सूचनांचा संच ठरवायचं काम स्टीफन मोर्स यांच्याकडे आलं. जून १९७८मध्ये तो ८०८६ या नावानं आला. आज तुमच्या लॅपटॉपमध्ये इंटेल किंवा एएमडीचा प्रोसेसर असेल, तर तो या तात्पुरत्या सोयीचा वंशज आहे.

आधीच्या ८०८०चा पत्ता सोळा बिटांचा होता, म्हणजे ६४ किलोबाइट मेमरी. ८०८६ला वीस तारा दिल्या, म्हणजे एक मेगाबाइट. पण आतले रजिस्टर सोळा बिटांचेच. मग वीस बिटांचा पत्ता सोळा बिटांच्या डब्यात मावणार कसा? त्यांनी तो दोन आकड्यांत सांगायचं ठरवलं : गल्ली आणि घर. गल्लीच्या आकड्याला सोळानं गुणायचं आणि त्यात घराचा आकडा मिळवायचा. गंमत अशी, की दर सोळा घरांनंतर नवी गल्ली सुरू होते, पण प्रत्येक गल्ली ६५,५३६ घरांची. म्हणजे गल्ल्या एकमेकींवर पसरलेल्या, आणि एकाच घराला ४,०९६ वेगवेगळे पत्ते. पुण्याच्या पेठांत पत्ता शोधलेल्या माणसाला यात विशेष काही वाटू नये.

यात एक बारीक फट राहिली. सर्वांत शेवटची गल्ली घेतली आणि तिच्यात पुढचं घर मागितलं, तर बेरीज एक मेगाबाइटच्या पलीकडे जाते. पण तारा वीसच. एकविसावा आकडा वाहून न्यायला तारच नाही, म्हणून तो गळून पडतो आणि पत्ता पुन्हा शून्यापासून सुरू होतो. जुन्या चेतकचा मीटर ९९,९९९ नंतर शून्यावर यायचा, तसंच. हा कुणी मुद्दाम ठेवलेला गुण नव्हता. पण एकदा एखादी गोष्ट ठरावीक प्रकारे वागते म्हटल्यावर तिच्या भरवशावर कुणीतरी काहीतरी बांधतंच.

ते कुणीतरी म्हणजे टिम पॅटरसन. १९८०मध्ये सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या छोट्या कंपनीत त्यांनी ८०८६साठी एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली, तीच पुढे मायक्रोसॉफ्टनं घेतली आणि एमएस-डॉस झाली. त्या वेळी बाजारात राज्य होतं गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एमचं. सीपी/एमचे प्रोग्रॅम नव्या प्रोसेसरवर कमीत कमी फेरफारात आणता यावेत, ही पॅटरसन यांची साधी, शहाणपणाची इच्छा. सीपी/एममध्ये प्रोग्रॅमला काही हवं असलं, की तो मेमरीतल्या पाच क्रमांकाच्या पत्त्याला हाक मारायचा. तिथे सिस्टिमकडे जाणारी उडी असायची, आणि त्या उडीचा पत्ता ज्या दोन बाइटांत लिहिलेला, म्हणजे सहा आणि सात, त्याच दोन बाइटांवरून प्रोग्रॅम आपल्याला किती मेमरी मिळाली हेही ओळखायचे. एकच आकडा, दोन कामं.

डॉसमध्ये हे दोन्ही अर्थ सांभाळायचे होते. मेमरीचा आकार म्हणून तो आकडा ६४ किलोबाइटच्या जरासा आत हवा, आणि उडीचा पत्ता म्हणून त्यानं सिस्टिमपाशी पोचायला हवं. ते ठिकाण होतं मेमरीच्या अगदी सुरुवातीला, १९२व्या बाइटवर. मग काय केलं? गल्लीचा आकडा असा निवडला, की त्यात तो मोठा आकडा मिळवल्यावर बेरीज एक मेगाबाइट आणि वर १९२ अशी यावी. मेगाबाइट गळून पडतं, उरतात १९२. ही जुळणी मी पहिल्यांदा कागदावर करून पाहिली तेव्हा सुडोकू सुटल्यासारखं वाटलं. चेतकचा मीटर मुद्दाम उलटवून घरी पोचण्याची ही युक्ती आहे.

१२ ऑगस्ट १९८१ला आयबीएमनं पीसी जाहीर केला. आत ८०८८, म्हणजे ८०८६चाच स्वस्त भाऊ. सर्वांत साध्या मॉडेलमध्ये मेमरी १६ किलोबाइट. मेगाबाइटच्या कडेला कुणी पोचेल, ही चिंता कुणाला असणार?

इथे जरा थांबून त्या पीसीच्या घड्याळाबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. माझ्या कर्नलमध्ये एक विचित्र आकडा आहे : ११,९३,१८२. पीसीचा टायमर सेकंदाला इतके ठोके देतो. असा अडनिडा आकडा का, तर आयबीएमनं बोर्डावर १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा एकच स्फटिक बसवला, आणि तो अमेरिकन रंगीत टीव्हीच्या रंगलहरीच्या बरोब्बर चौपट होता. घरातला टीव्ही पडदा म्हणून जोडता यावा यासाठी. त्याला तीननं भागलं की प्रोसेसरचे ४.७७ मेगाहर्ट्झ, बारानं भागलं की टायमरचे ठोके, आणि त्यांना ६५,५३६नं भागलं की सेकंदाला १८.२ वेळा येणारी ती प्रसिद्ध टिकटिक. आपल्याकडे टीव्हीसाठी ती अमेरिकन पद्धत कधी नव्हतीच, आपली पाल. तरी पुण्यात बसून मी तो आकडा टाइप करतो, आणि लिनक्सच्या कोडमध्येही तोच आहे.

असो. फेब्रुवारी १९८२मध्ये इंटेलचा ८०२८६ आला. त्याला चोवीस तारा, म्हणजे १६ मेगाबाइट. आता एकविसावी तार अस्तित्वात आली, आणि मीटर शून्यावर येईना. मेगाबाइटच्या पुढचा पत्ता खरोखरच पुढे जाऊ लागला. जुन्या प्रोग्रॅमांसाठी नवा प्रोसेसर जुन्यासारखा वागेल असं इंटेलचं म्हणणं होतं, आणि एवढ्या एका बाबतीत तो तसा वागत नव्हता.

आयबीएमला हे १९८४च्या पीसी/एटीवर काम करताना दिसलं. ऑगस्टमध्ये मशीन बाजारात आणायचं होतं. प्रोसेसर इंटेलचा, तो बदलणं हातात नाही. डॉस आणि त्यावरचे प्रोग्रॅम लोकांच्या हातात. मग त्यांनी एकविसाव्या तारेवर एक फाटक बसवलं. मशीन सुरू होताना फाटक बंद, म्हणजे तार कायम शून्य आणि मीटर पूर्वीसारखा उलटणार. ज्याला वरची मेमरी हवी, त्यानं फाटक उघडायला सांगायचं.

कुणाला सांगायचं? इथे ऐकणारा नेहमी हसतो. कीबोर्ड सांभाळणाऱ्या चिपला. एटीमध्ये कीबोर्डसाठी इंटेलचा ८०४२ हा छोटा स्वतंत्र संगणकच बसवला होता आणि त्याचे काही पाय रिकामे होते. एक पाय फाटकाला दिला. दुसरा पाय प्रोसेसरच्या रीसेटला दिला. त्याचं कारण आणखी मजेशीर आहे : २८६ला नव्या संरक्षित मोडमध्ये जाता येत होतं, पण परत यायची सूचनाच नव्हती. गेला तो गेला. मात्र डॉसकडे परतायचं तर यावं लागणारच. म्हणून आधी बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या मेमरीत 'मी मुद्दाम रीसेट होतोय, मला अमुक ठिकाणी सोड' अशी चिठ्ठी ठेवायची आणि कीबोर्डच्या चिपला सांगायचं, की माझा गळा दाब. प्रोसेसर मरून पुन्हा जन्मला, की बायॉस चिठ्ठी वाचून त्याला घरी पोचवायचा. कीबोर्डची चिप हळू होती, म्हणून मायक्रोसॉफ्टमधल्या मंडळींनी पुढे आणखी वेगवान आत्महत्या शोधून काढली : व्यत्ययांचा तक्ता रिकामा करायचा आणि एक व्यत्यय आणायचा. प्रोसेसर चूक हाताळायला जातो, तिथे चूक, ती हाताळायला जातो, तिथेही चूक, आणि तिसऱ्या चुकीला तो हात टेकून रीसेट होतो. माझं मशीन रात्री स्वतःहून रीसेट व्हायचं ते याच वाटेनं. फरक इतकाच, की त्यांनी ते हेतुपुरस्सर केलं होतं.

ए-२०ची टवाळी करायची आमच्या छंदवाल्यांत पद्धत आहे. आयबीएमला अक्कल नव्हती, इंटेल बेपर्वा, वगैरे. त्या नऊ रात्रींमध्ये मीही बरंच काही म्हणालो असेन. पण पुढे सगळा क्रम समजून घेतल्यावर ती टवाळी मला पटेनाशी झाली. साखळीतला प्रत्येक माणूस कुणाला तरी दिलेला शब्द पाळत होता. पॅटरसन सीपी/एमच्या प्रोग्रॅमांना सांभाळत होते, आयबीएम पॅटरसन यांच्या युक्तीला सांभाळत होती. यात कुणी गाढवपणा केला, असं मला तरी म्हणवत नाही. नाइलाज म्हणू.

हयगय वेगळी असते आणि तिचं उदाहरणही याच मशीनमध्ये आहे. इंटेलनं ८०८६च्या वेळीच सांगून ठेवलं होतं, की व्यत्ययांच्या तक्त्यातल्या पहिल्या ३२ जागा आम्ही पुढच्यासाठी राखून ठेवत आहोत. तेव्हा त्यातल्या पाचच वापरात होत्या. आयबीएमनं पीसीमध्ये बिनदिक्कत त्याच राखीव जागांत आपलं सामान मांडलं. आठ क्रमांकावर टायमर, नऊवर कीबोर्ड. पाच क्रमांकावर पडदा छापायची सोय. नंतरच्या प्रोसेसरमध्ये इंटेलनं आपल्या राखीव जागा वापरायला काढल्या, तेव्हा पाचवर आली 'आकडा मर्यादेबाहेर गेला' ही तक्रार. म्हणजे मर्यादा तपासणारी ती सूचना डॉसखाली वापरून आकडा मर्यादेबाहेर गेला, की प्रिंटर खडखडू लागणार. आणि आठवर आली 'दुहेरी चूक', म्हणजे प्रोसेसरच्या तक्रारींमधली जवळपास सर्वांत गंभीर.

पहिल्यांदा कर्नल लिहिणारा प्रत्येक जण इथे पडतो. तुम्ही संरक्षित मोडमध्ये पोचता, व्यत्यय चालू करता, आणि एका सेकंदाच्या अठराव्या हिश्शात 'दुहेरी चूक' येते. तुम्ही आपला सगळा कोड पुन्हा तपासता. कोड बरोबर असतो. ती चूक नव्हतीच, ती घड्याळाची टिकटिक होती, चुकीच्या दारावर वाजलेली. शिवाय खऱ्या दुहेरी चुकीबरोबर प्रोसेसर एक जादा आकडा ठेवून जातो, तो टिकटिकीबरोबर येत नाही, त्यामुळे परतताना हिशेब चुकतो आणि खरोखरच सगळं कोसळतं. उपाय म्हणजे व्यत्ययांच्या चिपला सांगून ते सगळे ३२च्या पुढे हलवायचे. हे करताना जुनी चिप दमते, म्हणून दोन सूचनांच्या मध्ये तिला श्वास घ्यायला वेळ द्यायचा, आणि तो द्यायचा कसा, तर निदानासाठी ठेवलेल्या एका पोर्टवर काहीतरी निरर्थक लिहायचं. टोरवाल्ड्सच्या पहिल्या आवृत्तीतल्या कोडमध्येही या जागी आयबीएमवर वैतागलेली एक टीप आहे. तिशी-चाळिशीतल्या पुरुषांना अनोळखी माणसाबद्दल इतकी आपुलकी क्वचित वाटत असेल.

फाटकाची गोष्ट मात्र इतक्यात संपली नाही. उलट फाटक बसवल्यावर लोकांना त्याच्या पलीकडली जमीन दिसली. फाटक उघडं ठेवून शेवटच्या गल्लीतून गेलं, तर साध्या डॉसलाही मेगाबाइटच्या वरचे ६५,५२० बाइट दिसतात. त्या काळात ही चैन होती. प्रोग्रॅमसाठी ६४० किलोबाइट, त्यातच डॉस, माउसचा ड्रायव्हर आणि मेमरीत ठाण मांडून बसणारे टीएसआर. नागपूरच्या यशवंत कानेटकरांनी त्यांच्यावर एक अख्खं पुस्तक लिहिलं होतं आणि आमच्यातली हुशार मुलं ते झेरॉक्स करून वाचायची. १९९१मध्ये एमएस-डॉसच्या पाचव्या आवृत्तीनं आपला बराचसा पसारा त्या वरच्या तुकड्यात हलवला. मग आणखी एक जुनी फसगत वर आली. काही प्रोग्रॅम छोटे करून बांधलेले असत, आणि त्यांचा उलगडणारा कोडही मीटर उलटण्याच्या भरवशावर होता. खाली जागा मोकळी झाल्यामुळे ते मेमरीत अगदी तळाशी लोड व्हायला लागले, फाटक उघडं, आणि 'पॅक केलेली फाइल खराब आहे' असा संदेश. फाइल चांगलीच असायची. त्यांना पहिल्या ६४ किलोबाइटच्या वर ढकलण्यासाठी डॉसमध्ये लोडफिक्स नावाची वेगळी आज्ञा द्यावी लागली. जागा जास्त झाली म्हणून प्रोग्रॅम चालेना, अशी वेळ संगणकाच्या इतिहासात फार वेळा आली नसेल.

दरम्यान प्रत्येक कंपनीनं आपापलं फाटक वेगळ्या कुलपाचं केलं होतं. आयबीएमच्याच १९८७च्या पीएस/२मध्ये ९२ क्रमांकाच्या पोर्टवर झटपट कुलूप आलं. इतरांची आणखी वेगळी. मायक्रोसॉफ्टच्या हायमेम या ड्रायव्हरमध्ये डझनाहून जास्त कंपन्यांच्या किल्ल्यांचा जुडगा होता, आणि त्यातली कुठली लागली हे तो सुरू होताना सांगायचा. लॅबमधली ती ओळ म्हणजे हीच.

माझ्या बोर्डाचं दुखणंही आता सरळ आहे. एम्युलेटरचा बायॉस फाटक आधीच उघडून ठेवतो, म्हणून तिथे माझी चूक कधी दिसलीच नाही. मी ९२ क्रमांकाच्या पोर्टवर एक बिट लिहून मोकळा झालो होतो, कारण ते सर्वांत सोपं. या बोर्डावर ते पोर्टच नाही. लिहिलेलं हवेत विरलं, कुणी तक्रार केली नाही.

लिनक्सनं हे कसं सोडवलंय ते मग वाचलं. आधी फाटक उघडं आहे का बघ : मेमरीत ५१२व्या बाइटपाशी एक आकडा लिही आणि बरोबर एक मेगाबाइट वर तोच दिसतो का ते पाहा. दिसला तर फाटक बंद. मग बायॉसला विनव. पुन्हा बघ. मग कीबोर्डच्या चिपला सांग. पुन्हा बघ. मग ९२ क्रमांकाचं पोर्ट. हे सगळं २५५ वेळा. अनेक वर्षं अनेक देशांतल्या अनेक टेबलांवर 'बी'नंतर जी सामसूम झाली असेल, तिचा हा गाळ आहे. तो कोड वाचताना मला पहिल्यांदा एकटं वाटलं नाही, हे कबूल करतो.

प्रोसेसरवाल्यांनाही तार सोडवत नव्हती. १९८९च्या ४८६मध्ये आतच कॅश आली, म्हणजे बाहेरच्या फाटकाला आतला व्यवहार दिसेना. म्हणून इंटेलनं खास या फाटकासाठी चिपला एक पाय दिला. तो पाय पुढे पेंटियममध्ये गेला, पेंटियम थ्रीमध्ये गेला, आणि २००१मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या गेमच्या खोक्यात पोचला. त्यात इंटेलचाच ७३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर होता. खोक्यात फक्त परवानगी असलेलेच प्रोग्रॅम चालावेत म्हणून सुरुवातीचा ५१२ बाइटांचा गुप्त कोड एका चिपच्या पोटात लपवलेला होता. प्रोसेसर जागा झाला, की मेमरीच्या टोकाशी त्या गुप्त कोडाकडे बघायचा. संशोधकांच्या लक्षात आलं, की तो ए-२०चा पाय जमिनीला जोडला, तर एकविसावी तार शून्य होते, पत्ता बरोबर एक मेगाबाइट खाली घसरतो, आणि तिथे गुप्त कोड नाही. तिथे साधी फ्लॅश मेमरी आहे, जिच्यात आपल्याला हवं ते लिहिता येतं. पॅटरसन यांची उलटणाऱ्या मीटरची युक्ती, वीस वर्षांनी, मायक्रोसॉफ्टच्याच कुलपावर.

२०१३च्या हॅसवेलपासून इंटेलनं त्या पायाला रजा दिली. २००३मध्ये एएमडीनं आणलेले ६४ बिट आता सर्वत्र आहेत, आणि नवं यूईएफआय फर्मवेअर तुम्हाला थेट त्या मोडमध्ये आणून सोडतं. शहाण्या माणसानं तिथूनच सुरुवात करावी. मे २०२३मध्ये इंटेलनं त्याच्याही पुढे जाऊन, १६ बिटांचा सगळा जुना पसारा काढून टाकलेल्या प्रोसेसरचा आराखडा मांडला. एक्स८६-एस असं त्याचं नाव. तो वाचून मला आनंद व्हायला हवा होता, पण जुना वाडा पाडताना बघून होतं तसं काहीतरी झालं. डिसेंबर २०२४मध्ये इंटेलनं तो आराखडा मागे घेतला. म्हणजे आजही दुकानातून आणलेला कोरा प्रोसेसर वीज मिळाली, की पहिले काही क्षण १९७८चा असतो.

माझ्या कर्नलमध्ये आता फाटक उघडायचे चार मार्ग आहेत आणि त्यांचा मिळून दीडशे ओळींचा कोड. या एका बोर्डाव्यतिरिक्त माझ्याकडच्या कुठल्याच मशीनवर पहिल्या तपासणीच्या पुढचं काही चालत नाही. कीबोर्डच्या चिपला सांगितल्यावर ती रिकामी होईपर्यंत थांबावं लागतं, ते मी सुरुवातीला विसरलो. त्यात आणखी दोन रात्री गेल्या. मग 'सी' आलं. मग 'डी'. पहाटे साडेतीनला मी स्वयंपाकघरात जाऊन डब्यातले उरलेले चकलीचे तुकडे उभ्या उभ्या खाल्ले.

दुसऱ्या दिवशी मुलीला दाखवलं. काळा पडदा, पांढरी इंग्रजी अक्षरं, आपण दाबू ते उमटतं. ती नऊ वर्षांची आहे, तिनं नम्रपणे पाहून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, यात माझं नाव मराठीत येतं?"

येत नाही. या पडद्यावर मोजकीच चित्रं साठवता येतात, प्रत्येक चौकोनात एक, आणि चौकोनांच्या मधल्या फटीतून रेषा पलीकडे न्यायची सोय आयबीएमनं फक्त काही चिन्हांसाठीच ठेवली आहे. वेलांटी अक्षराच्या आधी काढायची, पण वाचायची नंतर, हे तर त्या चौकोनांना कळणारच नाही. सी-डॅकनं पुण्यात जिस्ट नावाचं कार्ड बनवलं होतं ते याच अडचणीवर. पीसीत एक वेगळं कार्डच बसवायचं, जे पडद्यापर्यंत जाणारी अक्षरं वाटेत अडवून देवनागरीत उमटवायचं. माझ्याकडे ते कार्ड नाही. मग ग्राफिक्स मोडमध्ये जाऊन अक्षर ठिपक्याठिपक्यानं काढणं आलं. त्यासाठी बायॉसला विचारावं लागतं, आणि बायॉसशी बोलायचं तर संरक्षित मोडमध्ये जायच्या आधी, १६ बिटांत असतानाच, कारण एकदा पलीकडे गेलं की तो ऐकत नाही. म्हणजे लोडर पुन्हा उघडायचा. बूट सेक्टरच्या ५१२ बाइटांपैकी शेवटचे दोन सहीसाठी राखलेले असतात, आणि माझ्याकडे आता अकरा उरलेत.

तिचं नाव तीन अक्षरांचं आहे, मधलं जोडाक्षर. चौकटीच्या वहीत काढून ठेवलंय, सोळा चौकटी उंच. शिरोरेषा पहिल्या दोन अक्षरांत जुळते, तिसऱ्यात एक चौकट वर जाते.